पहिल्या सहीची जागा

कॉलेजच्या फलकावर परीक्षेचं वेळापत्रक लागलं, की मला आधी आंबट द्राक्षं आठवतात. अभ्यास नंतर आठवतो. आमच्या नाशिकला या दोन्ही गोष्टी एकदमच येतात, फेब्रुवारीच्या शेवटाला. आई मखमलाबादच्या बाजूला बागेत तोडणीला जायची आणि संध्याकाळी येताना घडांतून गळालेले मणी पदराच्या टोकात बांधून आणायची. ते बहुतेक फुटलेले किंवा कच्चे असत. मी आणि सुशी, म्हणजे माझी धाकटी बहीण, मीठ लावून ते खायचो. पुस्तकाच्या पानांवर रसाचे डाग पडत. माझ्या पहिल्या वर्षाच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या धड्यावर, असा एक डाग अजून आहे. आता तो तपकिरी झाला आहे.

आज पुन्हा वेळापत्रक लागलं. माझं हे शेवटचं वर्ष. फलकाजवळ मुलं वही मांडीवर धरून तारखा उतरवून घेत होती. मीही घेतल्या. पण उतरवता उतरवता मनात दुसराच मार्च सुरू झाला. तो दोन वर्षांपूर्वीचा. त्याबद्दल मी आजवर काही लिहिलेलं नाही. लिहावं की नाही, हे अजूनही नीट ठरत नाही. ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्यांच्याबद्दलच ते लिहायचं आहे, आणि ते चांगलं नाही. शिवाय थोडं माझ्याबद्दलही लिहावं लागेल. तेही चांगलं नाही.

आमची वस्ती पेठ नाक्याच्या पलीकडे. पन्नास-साठ घरं. बापे सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर नाहीतर हमालीला, बाया बागेत नाहीतर बांधकामावर. वस्तीत विहार होता, जयंतीचं मंडळ होतं, विजेचे चार खांब होते. नळ मात्र नव्हता. तो होता मोठा रस्ता ओलांडून पलीकडे, चिंचेच्या झाडाखाली. पाणी साडेदहाला यायचं आणि साडेबाराला जायचं. उन्हाळ्यात तर बाराच्या आतच तोटी फुसफुसू लागे. नंबर लावायला बाया पहाटेच आपापली वीट ठेवून यायच्या. विटेवर खडूनं खूण. विटांची ती रांग अजून डोळ्यांपुढे येते. माणसं कामावर गेलेली, आणि त्यांच्या जागी विटा उभ्या.

डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन रस्ता ओलांडायचा. गुजरातकडून येणारे ट्रक तिथं उतारानं जोरात येत. आई बागेत जाई, म्हणून द्राक्षाच्या दिवसांत पाणी सुशीकडे असे. ती नववीत होती. तिची शाळा अकराची. पाणी साडेदहाचं. यातलं काहीच हलवता येण्यासारखं नव्हतं. आठवड्यातून चार दिवस तरी ती दुपारच्या सुट्टीनंतर शाळेत पोचायची. तिच्या बाईंनी एकदा आईला बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे, पण नववी आहे म्हणून मी सांभाळून घेतलं. दहावीला हजेरी भरली नाही तर फॉर्म नाही भरता येणार."

आई घरी येऊन म्हणाली, "पानी सोडू का बाग सोडू, सांग बरं."

 मी तेव्हा कॉलेजात जात होतो. आमच्या घरातला पहिलाच. मी पाण्याला गेलो असतो, तर वस्तीनं मला हसून परत पाठवलं असतं, अशी माझी समजूत होती. कदाचित ती सोयीची समजूत होती.

*

गुरुजींचं नाव मी इथं लिहीत नाही. वस्तीत कुणी त्यांचं नाव घेतही नाही. गुरुजी म्हटलं की तेच. आयुष्यभर खेड्यांतल्या शाळांवर नोकरी करून ते वस्तीत परत आले होते. स्वच्छ धोतर, काळी टोपी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. बारावीनंतर मी कारखान्यात लागणार होतो. गुरुजींनी बाबांना समोर बसवून नको म्हणून सांगितलं. प्रवेशाच्या दिवशी ते माझ्याबरोबर गंगापूर रोडपर्यंत चालत आले. फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "मागच्या बाकावर बसू नकोस. सवय लागते."

त्यांचं एक सांगणं कायम असे. लेखी द्या. दिव्याचा खांब वाकला, लेखी द्या. दवाखान्यात औषध मिळालं नाही, लेखी द्या. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. बाया गमतीनं म्हणायच्या, "गुरुजीच्या घरी मीठ सरलं तरी काकू लेखी देत आसतील."

त्या फेब्रुवारीत त्यांनीच वर्तमानपत्रात वाचलं, की नगरपालिका पेठ नाक्याच्या बाजूला पाण्याची नवी लाइन टाकणार आहे. पहाटे सहाला पाणी येणारी लाइन. ती समोरच्या नव्या प्लॉटांकडे जाईल की आमच्या वस्तीत वळेल, हे पाणी समितीत ठरणार होतं. विहारासमोर लोकांना बसवून गुरुजींनी हे समजावून सांगितलं. मला तो दिवस नीट आठवतो. ऊन उतरत होतं. गुरुजी काठीनं मातीत रेघा मारून दाखवत होते.

"आपण नुसती मतं द्यायची आणि गप्प बसायचं, असं नसतं," ते म्हणाले. "समितीपुढं आपलं म्हणणं मांडता येतं. अर्ज करायचा. तो विषयपत्रिकेवर आला, की आपला माणूस आत जाऊन बोलू शकतो. आत काय झालं ते लिहून ठेवतात. त्याला इतिवृत्त म्हणतात. तेही आपल्याला बघता येतं. आपलंच आहे ते."

मागून ठकूबाई म्हणाली, "गुरुजी, तितं लुगड्यावर जाऊ देत्यात का?"

"जाऊ देतात."

"मंग मी हंडाच घिऊन जाते. बोलायाची गरज नाय."

सगळे हसले. गुरुजीही हसले. त्या हसण्यात कसली तरी हुशारी आली होती. आपल्याला एक रस्ता माहीत झाला आहे, असं काहीतरी. मी राज्यशास्त्राचं तेच प्रकरण वाचत होतो. पुस्तकात छापलेली गोष्ट आपल्या अंगणात काठीनं काढलेली बघून मला जे वाटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

*

अर्ज मी लिहिला. गुरुजींनी दोन ठिकाणी शब्द बदलले. पक्की प्रत सुशीनं काढली, कारण तिचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. खाली घरटी एक ओळ आखली आणि मी शाईचं पॅड घेऊन फिरलो.

ठकूबाईनं अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. "अंगठा दिला म्हंजी घर तर नाय ना जायाचं?"

"नाही मावशी. नळ यायचाय."

"मागं एकदा अंगठा दिला तवा शेत गेलं व्हतं. म्हनून इचारलं."

मग तिनं अंगठा दिला, आणि तो नीट उठला नाही म्हणून स्वतःच दुसऱ्यांदा दिला. शेवटी सुशीनं विचारलं, "माझी सही कुठं करू, दादा?"

"तुझी चालत नाही. अठरा पूर्ण लागतात."

"पाणी आणायला नाही लागत वाटतं."

मी हसलो. ती हसली नाही, एवढं आठवतं.

सह्या झाल्या, पण पहिली ओळ मी कोरी ठेवली होती. ती गुरुजींची. आमच्याकडे तसंच असतं. लग्नपत्रिकेत प्रेषक म्हणून पहिलं नाव त्यांचं, जयंतीच्या वर्गणीची पहिली पावती त्यांची, पंगतीत पहिलं पान त्यांचं. कुणी ठरवलेलं नाही. कुणी दुसरं काही केलं असतं तर मात्र सगळ्यांना लागलं असतं. गुरुजी त्या दोन दिवसांत गावी गेले होते. ते आले की सही घ्यायची आणि तोवर निदान कागद बरोबर आहे का ते बघून यावं, म्हणून मी अर्ज घेऊन नगरपालिकेत गेलो.

आवक-जावकच्या टेबलावर एक उतारवयाचे कारकून होते. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी सगळा अर्ज वाचला. एवढा वेळ कुणी आमचं काही वाचलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"अक्षर कुणाचं?"

"बहिणीचं."

"छान आहे. पहिली ओळ कोरी का?"

"आमच्या गुरुजींची आहे. ते गावाला गेलेत."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "लिहिलायस तू, फिरलायस तू. मग तूच कर की पहिली. एक सांगतो. इथली रीत अशी आहे, की पहिली सही ज्याची, त्यालाच आत बोलावतात. साठ जणांना आत घेऊन काय सभा भरवायची? तो जे बोलेल ते तुम्हा सगळ्यांचं धरतात."

"म्हणूनच गुरुजींची पाहिजे," मी म्हणालो.

त्यांनी खांदे उडवले. "बघ बाबा. तुमचा तुम्हाला माहीत माणूस."

तिसऱ्या दिवशी गुरुजींची सही घेऊन मी पुन्हा गेलो. अर्जावर शिक्का बसला, निळा आकडा पडला. मी पोच घेऊन सायकलवर न बसता ती हातात धरून रविवार कारंज्यापर्यंत चालत आलो. मला वाटलं, आपण शहराचे झालो.

*

आता वाटतं, तिथं सही करायला मला काय झालं होतं? पेन खिशात होतं. पण तेव्हा ती जागा माझ्या मनात रिकामी नव्हतीच. तिथं गुरुजी आधीच बसलेले होते. आपण ज्याला मान म्हणतो, त्याच्यात थोडा आळसही असतो का? मोठ्या माणसाला पुढं केलं की आपल्याला पुढं व्हावं लागत नाही. मी मोठ्यानं बोलायला भीत होतो. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज चिरकायचा. गुरुजींना पहिली ओळ दिली तेव्हा मला किती हलकं वाटलं, ते मी विसरलेलो नाही.

मार्चच्या मध्यावर समितीची बैठक झाली. आम्ही सातजण गेलो. दाराबाहेर लांब बाक होतं. दाराला अर्धा पडदा होता, आणि पंखा फिरला की तो हलायचा. आमच्या आधी दोन अर्जदार आत जाऊन आले. ते आत टेबलाशी उभे राहून बोलले, हे पडद्याखालून त्यांच्या पायांवरून कळत होतं. मग शिपायानं गुरुजींचं नाव पुकारलं. गुरुजींनी टोपी नीट केली.

ते आत गेले तेव्हा पडदा उडाला आणि मला दिसलं, की टेबलामागचे एक गृहस्थ उठून उभे राहिले आहेत. "या, या गुरुजी," असं ते म्हणाले. त्यांनी शेजारची खुर्ची स्वतः ओढली. गुरुजी क्षणभर उभेच राहिले. मग बसले. थोड्या वेळानं शिपाई चहा घेऊन गेला, कपबशीतला. त्याच गृहस्थांनी एक कपबशी उचलून गुरुजींपुढं ठेवली.

ठकूबाईनं मला कोपरानं ढोसलं. "बघ की. आपल्या गुरुजीला खुर्ची दिली."

बाबा खाली मान घालून बसले होते. त्यांनी डोळे पुसले.  आतलं बोलणं पंख्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण ते ऐकण्याची गरज कुणालाच वाटली नाही. काम झालंच, असं आम्ही सगळ्यांनी त्या खुर्चीवरून ठरवलं.

गुरुजी बाहेर आले ते घाम पुसत. "मांडलं सगळं," ते म्हणाले. "माणसं चांगली आहेत. होईल."

परत येताना बाया पुढं चालत होत्या आणि नळ नक्की कुठं बसवायचा यावर भांडत होत्या. कुणी म्हणे विहारापाशी, कुणी म्हणे खांबापाशी. घरी सुशीला सांगितलं. तिनं लगेच वहीच्या शेवटच्या पानावर वेळ मांडली. सहा ते सात पाणी. सात ते नऊ अभ्यास. नऊला स्वयंपाक. दहा चाळीसला शाळा. दहावीचं वेळापत्रक म्हणून तिनं ते भिंतीला पिठानं चिकटवलं.

*

एप्रिल लागला. पेपर सुरू व्हायला चार दिवस होते. इतिवृत्तातला आपला ठराव उतरवून आणावा आणि जयंतीच्या सभेत गुरुजींनी तो वाचून दाखवावा, असं माझ्या मनात आलं. मला त्यांना आश्चर्याचा आनंद द्यायचा होता. मी नगरपालिकेत गेलो. त्याच कारकुनांनी रजिस्टर काढून माझ्यापुढं सरकवलं आणि ते दुसरीकडे बघू लागले. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

तिथं लिहिलं होतं, की अर्जदारांचे प्रतिनिधी समक्ष हजर राहिले. सदर वस्तीस नळजोडणीची तूर्त निकड नसून, समोरील प्लॉटधारकांची जोडणी प्रथम करण्यास वस्तीची हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. सबब अर्ज निकाली.

मी ते तीनदा वाचलं. तूर्त निकड नसून. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या वस्तीचं असेल. पण आकडा आमचाच होता.

"हे असं नाही बोललेले ते," मी म्हणालो.

"मी तिथंच होतो लिहायला," कारकून हळू आवाजात म्हणाले. "बस जरा. पाणी पी." मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी माझ्या पुस्तकात नव्हती. "हे अजून कायम झालेलं नाही. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचून कायम करतात. तोवर अर्जावर सही असलेल्या कुणीही लेखी दिलं, की वस्तीचं म्हणणं असं नाही, तर ते वाचावं लागतं. विषय पुन्हा निघू शकतो. तुझी सही आहे ना अर्जावर?"

"आहे. बाविसावी."

"मग दे की लिहून. बैठक पुढच्या आठवड्यात आहे."

मी सरळ गुरुजींकडे गेलो. दुपार होती. ते ओट्यावर बसून जयंतीच्या पत्रकाचा मजकूर तपासत होते. लाल पेन हातात होतं. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं असावं.

"ऑफिसात गेला होतास," ते म्हणाले.

मी मान हलवली.

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. मग पत्रकाकडे बघतच म्हणाले, "मी पहिल्या शाळेवर गेलो तेव्हा गावानं मला गोणपाट दिलं होतं बसायला. खुर्ची होती शाळेत. पण ती तपासणीला साहेब येतील त्यांच्यासाठी. पाणी मी घरून नेत होतो. नंतर दिवस बदलले, खुर्ची मिळाली, पण कुणी उठून दिली नाही कधी. कळतंय का तुला? उठून. त्या माणसानं उठून दिली. चहा हातानं पुढं केला. आणि मग म्हणाला, गुरुजी, तुम्ही जाणते आहात, यंदा समोरच्यांचं होऊ द्या, पुढच्या वर्षी तुमचं नक्की." ते थांबले. "मला 'नाही' म्हणता आलं नाही. तो चहा पिऊन मला भांडता आलं नाही रे."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. आला तो नंतर, आणि अजून आहे. त्या दुपारी मला नुसतं ओशाळल्यासारखं झालं, जणू मीच काहीतरी नको ते उघडून पाहिलं होतं.

"बाहेर येऊन तुम्ही होईल म्हणालात," मी कसाबसा बोललो.

"पुढच्या वर्षी होईल, या अर्थानं." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "लोकांना आत्ताच सांगू नकोस. जयंती होऊ दे."

मी हो म्हणालो. एवढं सोपं होतं ते.

*

राज्यशास्त्राचा पेपर आणि समितीची दुसरी बैठक एकाच दिवशी आली. हे मी मुद्दाम जुळवून सांगत नाही, तसं खरंच झालं. पेपर सकाळचा, बैठक दुपारी तीनला. मधल्या वेळात मला चार ओळी लिहून त्या टेबलावर देता आल्या असत्या. कॉलेजापासून नगरपालिका काही लांब नाही.

तिसरा प्रश्न होता, स्थानिक कारभारात नागरिकांचा सहभाग कसा असतो ते लिहा. मी अडीच पानं लिहिलं. अर्ज, विषयपत्रिका, प्रतिनिधी, इतिवृत्त, त्यावरची हरकत, सगळं लिहिलं. पुस्तकात नसलेलंही लिहिलं. त्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले, आणि सरांनी वर्गात माझं उत्तर वाचून दाखवलं. मी मागच्या बाकावर बसलेलो नव्हतो, त्यामुळे मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

पेपर सुटल्यावर मी नगरपालिकेच्या रस्त्याला लागलोही होतो. मग मनात आलं, की लेखी दिलं तर ते आत वाचतील. गुरुजी खोटं बोलले, असं साऱ्यांसमोर होईल. ज्या माणसानं त्यांना उठून खुर्ची दिली त्याच्याच समोर. आणि ते मी केलेलं असेल. मी सायकल वळवली. गोदावरीवर गेलो आणि घाटाच्या पायरीवर पुस्तक उघडून बसलो. अर्थशास्त्राचा पेपर परवा होता. तीन वाजून गेले हे उन्हावरून कळलं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. मे महिन्यात समोरच्या प्लॉटांकडे चर खणले. आमच्या बाया हंडे घेऊन त्या चरांवरून उड्या मारून पलीकडे पाण्याला जात. गुरुजींनी लोकांना सांगितलं की सरकारी काम आहे, यंदा नाही तर पुढच्या वर्षी. लोकांनी मान्य केलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सुशी गेली नाही. कुणी तिला नको म्हटलं नाही. ती आईबरोबर बागेत जायला लागली, एवढंच. भिंतीवरचा कागद तिनं कधी काढला मला कळलं नाही. पिठाचे चार ठिपके मात्र बरेच दिवस होते.

गेल्या वर्षी वस्तीत नळ आला. शब्द पाळला गेला म्हणायचं. तोटीला हार घातला, गुरुजींच्या हस्ते पाणी सोडलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गुरुजी आता थकले आहेत. रस्त्यात भेटले की अभ्यासाचं विचारतात. मी नीट उत्तर देतो. आमच्यात काही झालेलं नाही, असं कुणालाही वाटेल. पण त्यांनी काही वाचायला दिलं, तर मी आता ते आधी शेवटपासून वाचतो. त्यांच्या शब्दावर माझा पाय ठरत नाही. एखाद्या माणसावर इतका विश्वास असतो, की तो गेल्यावर त्याच्याच बरोबर इतर पुष्कळ गोष्टींवरचाही जातो. आता नाशिकची महानगरपालिका झाली. निवडणूक व्हायची आहे, तोवर प्रशासक आहेत, समित्या नाहीत. वर्गातले मित्र यावर चर्चा करतात, लोकांचा आवाज वगैरे. मी ऐकतो. मला आवाज होता तेव्हा मी काय केलं, हे त्यांना माहीत नाही.

सुशी आता द्राक्षाच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये जाते. अक्षर चांगलं म्हणून पेटीवर गावाचं नाव लिहायचं काम तिच्याकडे असतं. दिल्ली, कलकत्ता, पाटणा. संध्याकाळी तिच्या बोटांना निळा रंग लागलेला असतो.

परवाच्या रविवारी सकाळी मी दारात अभ्यासाला बसलो होतो. ती नळावरून हंडा घेऊन आली. अगदी दहा पावलांवरून. का कोण जाणे, मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. इतिवृत्त, गुरुजींचा ओटा, कारकुनांनी सांगितलेली हरकत, सगळं. माझं बोलणं संपेपर्यंत ती पदरानं मान पुसत उभी होती.

"मला माहिताय," ती म्हणाली.

"काय माहिताय?"

"गुरुजी काय बोलून आले ते. दुसऱ्याच दिवशी काकूंनी सांगितलं नळावर, रडत रडत. कुणाला सांगू नको म्हणाल्या, मी नाही सांगितलं." तिनं हंडा खाली ठेवला. "तू ऑफिसात जाऊन आलास तेही कळलं. तोंड बघितलं ना तुझं. मग मी वाट बघत बसले. म्हटलं, दादाला कळलंय आता. दादा काहीतरी करील."

 मी म्हणालो, "मग तू का नाही विचारलंस?"

"मी कशाला विचारू? लेखी द्यायची अक्कल तुला होती. मला तर सहीपण नव्हती."

हे ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग तिला शेडला जायला उशीर होत होता, म्हणून ती आत गेली, वेणी घालून बाहेर आली, चपला घातल्या.

"भाकरी झाकून ठेवलीय," ती म्हणाली. "खाऊन घे. आणि उन्हात नको बसू, डोकं दुखतं तुझं."

ती गेली. मी भाकरी खाल्ली आणि पुन्हा वाचायला बसलो. गुरुजींनी आम्हाला फसवलं, असं मी दोन वर्षं मनात म्हणत होतो, आणि ते खरंच आहे. पण सुशीनं त्या दोन वर्षांत गुरुजींची वाट कधी पाहिलीच नव्हती. तिनं माझी पाहिली होती.

हा लेख लिहून झाला, की कुणाला देण्याआधी तिला वाचून दाखवायचा असं मी ठरवलं होतं. इथवर लिहून चार दिवस झाले. ती रोज संध्याकाळी घरी असते. मला अजून ते जमलेलं नाही.